उठताना मदत लागते

ऑफिसात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला दाखलेबाई म्हणत, आणि एव्हाना तीही त्याच नावाला ओ द्यायला लागली होती.

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा नव्हे. साहेबांची कंपनी दवाखाने, वृद्धाश्रम, बँका असल्या इमारती आतून सजवून द्यायची. भिंतींचा रंग कुठला, दिवे पिवळे की पांढरे, पडदे कुठवर, खुर्च्या कशा, हे सगळं साहेब स्वतः ठरवत. त्यांना फार वेळ लागत नसे, सकाळी दाढी करताना सुचायचं. पण समोर समिती बसलेली असली की नुसतं 'मला सुचलं' म्हणून भागत नाही. 'अमुक संशोधनात असं आढळलंय' म्हटलं, की समितीतला सगळ्यात खडूस माणूससुद्धा मान डोलावतो. ते 'अमुक संशोधन' शोधून आणणं हे दाखलेबाईंचं काम. साहेबांनी म्हणायचं, फिक्या हिरव्याला एक दाखला बघा हो, की बाई पर्स खांद्याला लावून निघाल्या ग्रंथालयाकडे. आधी निकाल, मग परीक्षा. सुरुवातीला तिला याचं वाईट वाटायचं. नंतर वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर डेटाबेसची खोली होती. जगभरच्या मासिकांतले लेख त्या खोलीतल्या कॉम्प्युटरांवर फुकट वाचता यायचे, बाहेर मात्र नाही. खोलीला एकच खिडकी, तीही उघडायची नाही. पंखा फिरायचा तो वारा द्यायला नव्हे, आपण चालू आहोत हे सांगायला. दाराशी ग्रंथपाल बसायचे. बारमाही स्वेटर, चष्मा कपाळावर, आणि तोच शोधत टेबल चाचपडणारे. दाखलेबाई दिसल्या की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "काय बाई, आज काय सिद्ध करायचंय?"

गंमत म्हणून विचारायचे बिचारे. पण तिला ते लागायचं, कारण खरंच होतं. डेटाबेस हा भलताच आज्ञाधारक प्राणी. तुम्ही जे शब्द टाकाल तेच तो शोधतो, वर एक शब्द बोलत नाही. 'घरगुती वातावरण' टाका, घरगुती वातावरण चांगलं म्हणणारे लेख पुढ्यात. तिथे खुणा करायला चौकोनी रकाने होते: फक्त अलीकडचे लेख, फक्त पूर्ण मिळणारे, फक्त इंटिरियर या विषयाचे. बाई डोळे मिटून सगळ्यांवर टिचकी मारायच्या. मग लेखाचा सारांश उघडायचा, शेवटच्या दोन ओळी वाचायच्या, आपल्या बाजूच्या असल्या तर उतरवून घ्यायच्या, नसल्या तर पुढचा लेख. पूर्ण लेख वाचायला वेळ कुणाला आहे? साहेबांना दाखला संध्याकाळपर्यंत हवा असायचा.

तिची आई ज्या वृद्धाश्रमात राहत होती, तोही साहेबांनीच सजवलेला.

आई शाळेत कवायतीच्या बाई होत्या. 'सावधान' म्हटल्यावर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा ताठ व्हावं असा आवाज. पण गुडघे गेले, आणि लेकीचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई घरात अडकून पडली. जावई शब्दानं काही बोलत नव्हता, पण आईला ते अडकणं सोसेना. एका सकाळी तिनंच जाहीर केलं की मी जाते, आणि जायचंच तर तू काम केलंस त्या आश्रमात जाते. "तू शोधून-वाचून केलंयस ना, म्हणजे बरंच असणार," ती म्हणाली. दाखलेबाईंनी त्या दिवशी भांडी घासताना नळ जरा मोठाच सोडला होता, कारण डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये.

आश्रम चांगला होता, उगीच खोटं कशाला बोला. तळमजल्यावरच्या सगळ्यांना बागेची मोकळीक. आई रोज सकाळी काठी घेऊन फेऱ्या मारायची आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना पाठ सरळ करायला लावायची. ते कुरकुरायचे आणि करायचे. एक शिवणकाम करणाऱ्या बाई तिच्या जिवाभावाच्या झाल्या होत्या, आई त्यांना शिंपीणबाई म्हणायची. पण गेल्या महिन्यात शिंपीणबाईंना वरच्या मजल्यावर हलवलं. वरचा मजला म्हणजे ज्यांना आपलं आपण उठता-बसता येत नाही त्यांचा. पलंगांना कठडे, दाराला कुलूप, आणि बागेत यायचं तर कुणीतरी आणेल तेव्हा. तेव्हापासून शिंपीणबाई खिडकीतून हात हलवत आणि आई बागेतून. एवढीच त्यांची मैत्री उरली होती.

त्या सोमवारी आश्रमाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. आवाज गोड. अशा बातम्या देणाऱ्यांचा असतोच. आईंना आता उठताना मदत लागते, नर्सनं तशी नोंद केली आहे, शुक्रवारी डॉक्टर तपासतील आणि मग त्यांना वर हलवावं लागेल, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी.

 आई वर? त्या कुलपामागे? ती तिथे आठवडाभरात सुकून जाईल. आणि उठताना मदत कसली? मागच्या वेळी भेटले तेव्हा तर टुणटुणीत होती. दाखलेबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशाच आश्रमात गेल्या.

आई मोठ्या दालनात बसलेली होती. दालन साहेबांचं आवडतं. लांबच लांब खिडक्या, मऊ उजेड, आणि भिंतीलगत ओळीनं बुटके, खोल, रुंद सोफे, सायीच्या रंगाचे. त्यांना हात नव्हते. हात असले की दवाखाना वाटतो, असं साहेबांचं म्हणणं. फोटोत ते दालन असं काही दिसायचं की बघणाऱ्याला वाटावं, लवकर म्हातारं व्हावं. त्या सोफ्यांच्या ओळीत आई अशी रुतून बसली होती की गुडघे जवळजवळ छातीशी आलेले. दाखलेबाई समोर स्टूल ओढून बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. वर हलवण्याचं निघालं तेव्हा आई म्हणाली, "होतं गं वयामुळे." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मग चहाची घंटा झाली.

आईनं दोन्ही तळवे शेजारी टेकवले. गादीत हात मनगटापर्यंत खाली गेले, पण आई वर आली नाही. ती कडेला सरकली. पुढे झुकली, मागे पडली, पुन्हा झुकली. कपाळावर घाम. दाखलेबाई हात द्यायला उठेपर्यंत मागून एक मदतनीस मुलगी आली, चला आजी म्हणाली, आणि तिनं आईला बखोटीला धरून उभं केलं. उभी हयात जिनं दुसऱ्यांच्या पोरांना बखोटीला धरून रांगेत लावलं, तिला. आईनं पदर नीट केला आणि काठी घेतली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. लेकीकडे तिनं बघितलं नाही, आणि लेकीलाही तिच्याकडे बघवलं नाही.

जेवणघरात लाकडी खुर्च्या होत्या. साध्या, उंच, हातवाल्या. साहेबांच्या नकाशात त्या नव्हत्याच, आश्रमवाल्यांनी जुन्या वास्तूतून उचलून आणलेल्या. चहा झाला. आईनं कप बाजूला केला, खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले आणि उठली. बस्स. उठली, जशी आयुष्यभर उठत आली होती. कुणाचं लक्ष नव्हतं, मदतनीस मुली कप गोळा करत होत्या. एकट्या दाखलेबाईंनी ते बघितलं.

मग त्या तरातरा मॅनेजरबाईंकडे गेल्या. म्हणाल्या, आईला काही झालेलं नाही, तुमचे सोफे खाली आहेत, कुणालाही उठता येणार नाही त्यातनं. मॅनेजरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती. दिवसभर अशा लेकी आणि सुना तिच्यासमोर रडून जायच्या, आणि प्रत्येकीला वाटायचं की आपली आई ठणठणीत आहे. ती उठली, दाखलेबाईंना दालनाच्या दाराशी घेऊन गेली आणि भिंतीवरच्या एका चौकटीकडे बोट केलं.

"ताई, सोफे शास्त्रशुद्ध आहेत. तुमच्याच ऑफिसनं दाखला दिलाय."

काचेमागे सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं की बुटक्या, रुंद, विनाहाताच्या आसनांमुळे दालन अधिक घरगुती वाटतं आणि माणसं एकमेकांत मिसळतात असं संशोधनात आढळलं आहे. खाली मासिकाचं नाव. ते वाक्य दाखलेबाईंनीच टाइप केलेलं. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर तिनं तेव्हा बराच विचारही केला होता.  कुणी थोबाडीत दिल्यासारखी ती तिथे उभी राहिली. नंतर घरी कशी आली ते तिलाच ठाऊक नाही.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. ते खुशीत होते. आश्रमवाले दुसरी इमारत बांधत होते आणि ते काम कंपनीलाच मिळणार होतं. दालन तस्संच, सोफे तेच. फक्त जुना दाखला आता शिळा झालाय, एक ताजा काढून आणा, असं साहेबांचं म्हणणं. शुक्रवारी दुपारी समितीची बैठक. दाखलेबाई हो म्हणाल्या. इतकी वर्षं दुसरं काय म्हटलं होतं?

ग्रंथालयात ग्रंथपालांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काय सिद्ध करायचंय.  ती आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरसमोर बसली, आणि ताजा दाखला बाजूला ठेवून तिनं तो जुनाच लेख काढला. या वेळी पूर्ण. पहिल्या शब्दापासून.

लेखात खोटं काही नव्हतं, हेच तर वाईट. ज्यांनी लिहिला त्यांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्यांनी एका कॉलेजातली मुलं गोळा केली, विशीतली. त्यांना पडद्यावर दालनांचे फोटो दाखवले आणि विचारलं, यातलं कुठलं घरासारखं वाटतं? मुलांनी बुटक्या सोफ्यांच्या फोटोवर बोट ठेवलं. झालं संशोधन. शेवटी लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं की प्रत्यक्ष आसनांवर कुणी बसलेलं नाही, वयस्कर लोकांवर हे निष्कर्ष लावण्याआधी वेगळा अभ्यास हवा. ते वाक्य सारांशात नव्हतं. सारांशात कशाला असेल?

दाखलेबाई खुर्चीला टेकून बसल्या. पंखा फिरत होता. त्यांना राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात जोर लागतो. त्यांना नुसतं थकल्यासारखं वाटलं, पार हाडापर्यंत. त्या सोफ्यावर कुणीच बसलं नव्हतं. मुलं बसली नाहीत, साहेब बसले नाहीत, त्या स्वतः तरी कुठे बसल्या? कालसुद्धा आईसमोर त्यांनी स्टूल ओढलं होतं.

मग त्या उठून दाराशी गेल्या. ग्रंथपाल चष्मा शोधत होते. "म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठायला काय लागतं, हे कुठे मिळेल?" त्यांनी विचारलं.

ग्रंथपालांनी चाचपडणं थांबवलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला प्रश्न विचारलात, बाई," ते म्हणाले. "एरवी उत्तरच घेऊन येता."

थट्टा नव्हती त्यात. ते येऊन शेजारी बसले आणि आधी तिनं खुणा केलेले सगळे चौकोन एकेक करून रिकामे केले. म्हणाले, इंटिरियरच्या डेटाबेसात हे कशाला सापडेल, हे काम व्यायामोपचारवाल्यांचं आणि नर्सांचं. तो डेटाबेस त्याच पडद्यावर होता, शेजारच्या रांगेत. दाखलेबाईंनी त्याच्यावर कधी बोटसुद्धा ठेवलं नव्हतं, कारण तिथे दिसायला छान असं काही नसायचं. आणि तिथे तर ढीग पडला होता. कंटाळवाणे, रुक्ष, जुने लेख. आसन गुडघ्यांपेक्षा खाली असलं तर उठायला किती जास्त जोर लागतो, हात असले तर गुडघ्यांवरचा भार कसा कमी होतो, खोल गादीत बसलेल्या माणसाला पाय मागे घेता येत नाहीत म्हणून तो कसा अडकतो. खऱ्या म्हाताऱ्यांना खऱ्या खुर्च्यांवर बसवून पाहिलेलं. रिकाम्या केलेल्या चौकोनांत 'फक्त अलीकडचे' हाही एक होता, आणि त्यामुळे हे इतकी वर्षं तिला दिसलंच नाही. म्हातारे गुडघे काही नव्यानं वाकायला लागलेले नाहीत. त्यांचा अभ्यास लोकांनी केव्हाच करून ठेवला होता.

तिनं ते सगळं छापून घेतलं आणि जिन्यातून साहेबांना फोन लावला. सांगितलं की जुना दाखला आपल्या कामाचा नव्हता, सोफे बदलायला हवेत, नव्या इमारतीत तर ठेवूच नयेत.  साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले की हातवाल्या खुर्च्यांचा फोटो चांगला येत नाही, दालनाची शान जाते. ती ऐकेना तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"बाई, तुम्हाला दाखला आणायला सांगितलाय. मत नाही."

फोन ठेवून ती जिन्यातच बसली. नोकरी काही रस्त्यावर पडलेली नसते, या वयात तर नाहीच. नवऱ्याला ती संध्याकाळी एवढंच म्हणाली की शुक्रवारी दुपारच्या बैठकीला मी बहुतेक जाणार नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाला. कधी कधी तेवढंच पुरतं.

शुक्रवारी ती सकाळीच आश्रमात हजर झाली. डॉक्टर घाईत होते. त्यांच्यामागे नर्स, नर्सच्या मागे मॅनेजरबाई. आई दालनात सोफ्यावर, आजूबाजूला ओळीनं बाकीचे, सगळे तसेच रुतलेले. दाखलेबाईंनी छापलेले कागद पुढे केले. डॉक्टरांनी ते हातातही घेतले नाहीत, म्हणाले मला लेख वाचायला वेळ नाही, पेशंट बघू द्या. मॅनेजरबाईंनी अगदी हळूच भिंतीवरच्या चौकटीची आठवण करून दिली. दाखल्याला दाखला. कुणी कुणाचा खरा मानायचा?

तेव्हा तिनं कागद पर्समध्ये कोंबले आणि पर्स टेबलावर टाकली. 

"तो भिंतीवरचा दाखला मीच आणला होता," ती म्हणाली. "पूर्ण न वाचता. त्या लेखात कुणी सोफ्यावर बसलंच नव्हतं. कॉलेजातल्या मुलांनी नुसते फोटो बघितले होते."

 डॉक्टरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग सोफ्यांच्या त्या लांबलचक रांगेकडे, जणू आजच दिसली. ती त्यांच्या उत्तराची वाट न बघता जेवणघरात गेली आणि एक लाकडी खुर्ची उचलून घेऊन आली. खुर्ची जड होती, दाराला आपटली, पॉलिश खरवडलं. मदतनीस मुलीनं आईला शेवटचं बखोटीला धरून सोफ्यातून काढलं आणि खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, उठा आजी.

आई उठली.

डॉक्टर म्हणाले पुन्हा. आई बसली आणि पुन्हा उठली. तिसऱ्यांदा तर तिनं त्यांना सांगायलाच दिलं नाही. पाठ ताठ, हनुवटी वर, आणि काठी न घेता ती समोर उभी. डॉक्टरांनी नर्सकडून कागद घेतला, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले की यांना वर न्यायचं काही कारण नाही. दाखलेबाईंना वाटलं, आता आपण रडणार. पण रडूही आलं नाही. इतक्या दिवसांचा ताण एकदम सुटला आणि ती मागे होतं तिथे मटकन बसली. मागे सोफा होता.

गादीनं तिला अशी पोटात घेतली की गुडघे छातीशी आले. ती पहिल्यांदाच त्यावर बसत होती.

डॉक्टर पुढच्या माणसाकडे गेले. आई येऊन लेकीसमोर उभी राहिली. खालून बघताना ती पूर्वीइतकीच उंच वाटत होती.

"तुला कळलं होतं ना?" दाखलेबाईंनी विचारलं. "सोफ्यामुळे होतंय ते?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला असं विचारलेलं आवडत नसे. "तुझं काम होतं ना गं ते," ती म्हणाली. "तुझं नाव होतं त्यात. चार लोकांत मी कशी नावं ठेवू?"

म्हणजे ही बाई त्या कुलपामागे जायला निघाली होती. गपचूप, होतं गं वयामुळे म्हणत. लेकीच्या दाखल्याला धक्का लागू नये म्हणून. दाखलेबाईंना आईचा राग आला, स्वतःचा आला, आणि आईच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. पण त्या सोफ्यात बसून पायांपर्यंत वाकता येत नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, तेही जेमतेम.

टेबलावरच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. साहेबच असणार. दाखलेबाईंनी दोन्ही तळवे गादीत रोवले आणि उठायला गेल्या. हात आत गेले. त्या पुढे झुकल्या, मागे पडल्या. काही म्हातारी नव्हे ती, पण दमलेलं अंग आणि तो सोफा. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"वाजू दे," आई म्हणाली.

तिची नजर लेकीवर नव्हतीच आता. ती वर बघत होती, छताकडे, म्हणजे वरच्या मजल्याकडे. मॅनेजरबाई चौकटीसमोर उभी होती आणि तीही तिकडेच बघत होती. या दालनातून आजवर किती जणांना वर नेलं याचा विचार तिच्याही मनात आला असावा, कारण तिचा तो गोड चेहरा पार उतरला होता. तिनं हात वर करून चौकट खिळ्यावरून काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच पोटाशी धरली.

"शिंपीणबाईंना खुर्चीत बसवून कुणी बघितलं होतं का?" आईनं विचारलं.



आईनं काठी सोफ्याला टेकवली, पाय रोवले आणि लेकीपुढे हात केला. तो हात म्हातारा होता, शिरा वर आलेल्या, पण पकड अजून कवायतीच्या बाईंची.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "आणि ती खुर्ची घे. वर जायचंय आपल्याला."